स्वस्त कार्ड कोणतं, आणि ते कोणाच्या पर्समध्ये?

प्रश्न: हे पत्र कोथरूडच्या एका ६१ वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेचं आहे, ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदललेत. एकुलती मुलगी जर्मनीत स्टुटगार्टला असते. येत्या मे महिन्यात ताई आणि त्यांचे मिस्टर सहा आठवड्यांसाठी तिच्याकडे चाललेत, दोघांचाही हा पहिलाच परदेश प्रवास. मुक्काम मुलीकडेच, पण मधे चार दिवस स्वित्झर्लंड आणि तीन दिवस प्राग हे दोघांनी मिळून करायचं आहे, कारण मुलगी-जावयाला तेव्हा सुट्टी नाही. विमानाची तिकिटं आणि इन्शुरन्स इथेच रुपयांत झालंय, बाकीच्या खर्चाचा अंदाज साधारण अडीच लाख. आता सल्ले असे आलेत: टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्या ग्रुपमधले एक काका म्हणतात फॉरेक्स कार्डावर, म्हणजे परकीय चलन आधीच भरून ठेवायच्या कार्डावर, चार लाख भरून टाका, रेट लॉक होतो आणि फी काही नसते. भाऊ म्हणतो झिरो मार्कअपवालं, म्हणजे परदेशी खर्चावर बँक जादा टक्के लावत नाही असं क्रेडिट कार्ड घे. जावई म्हणतो तुम्ही काहीच आणू नका, सगळं माझ्या कार्डावर होईल, ते ताईंना पटत नाही. मिस्टरांचं म्हणणं, एक कार्ड पुरे, ते माझ्याकडे राहील, आणि बाकी रोख युरो नेऊ. बँकेत विचारलं तर तिथल्या मॅडमनी एक माहितीपत्रक हातात दिलं. ताईंचा प्रश्न एका ओळीचा आहे: सगळ्यात कमी चार्जेस लागणारं कार्ड कोणतं ते सांगा, आम्ही तेच घेऊ.

उत्तर:

ताई, आधी तुमच्या एका ओळीला माझी एक ओळ. तुमच्या केसमध्ये मी झिरो मार्कअपचं क्रेडिट कार्ड मुख्य ठेवीन, सोबत दुसऱ्या बँकेचं डेबिट कार्ड आणि तीनचारशे युरो रोख, आणि फॉरेक्स कार्डाच्या फंदात पडणार नाही. तुम्ही घाईत असाल तर इथे थांबलात तरी चालेल. पण तुमच्या पत्रात दोनतीन गोष्टी अशा आहेत की त्या तुम्ही धरूनच चाललाय, म्हणजे फॉरेक्स कार्डाला फी नसते, कार्ड एकच लागतं, आणि ते मिस्टरांकडेच असणार, आणि माझ्या मते तुमचे पैसे कार्डाच्या नावापेक्षा या गृहीतकांमुळेच जास्त जातील, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

पैसे कुठे कापले जातात ते आधी बघू. आपलं नेहमीचं डेबिट किंवा क्रेडिट कार्ड परदेशात वापरलं की व्हिसा किंवा मास्टरकार्ड त्यांच्या रेटने युरोचे रुपये करतात, हा रेट सहसा बाजारभावाच्या बऱ्यापैकी जवळ असतो. त्यावर आपली बँक स्वतःचा मार्कअप लावते, बऱ्याच कार्डांवर तो साडेतीन टक्के असतो, आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे प्रत्यक्षात ४.१३ टक्के. काही कार्डांवर मार्कअप दोन टक्के असतो, ते जीएसटीसकट २.३६ होतं. तुमच्या अडीच लाखांवर साध्या कार्डाने १०,३२५ रुपये जातील आणि दोन टक्केवाल्याने ५,९००. झिरो मार्कअपवर या खात्यात काही नाही. म्हणजे भाऊ बरोबर सांगतोय, वाचतात ते दहा हजारांच्या आसपास, कमी नाहीत पण त्यासाठी रात्रीची झोप घालवावी इतकेही नाहीत.

आता फॉरेक्स कार्ड. काकांचं चुकतं असं मी म्हणणार नाही, कंपनीच्या कामाने एकाच देशात जाणाऱ्यासाठी किंवा शिकायला निघालेल्या मुलांसाठी ते चांगलं आहे, हिशोब डोळ्यासमोर राहतो, चोरी झाली तरी जेवढे भरलेत तेवढेच जातात, तुमचं बचत खातं लांब सुरक्षित. पण फी नसते हे खरं नाही. फी रेटच्या आत बसलेली असते. बँक तुम्हाला युरो विकते तो रेट बाजारभावापेक्षा वर असतो आणि त्या फरकाला कोणी फी म्हणत नाही, म्हणून ती माहितीपत्रकात दिसत नाही. तुम्ही एक करा, ज्या दिवशी बँकेत जाल त्या दिवशी मोबाईलवर युरोचा भाव बघा आणि काउंटरवर विचारा, "आज कार्ड लोड करायचा रेट काय?" दोन आकड्यांतला फरक काढा. समजा बाजारात युरो १०० रुपयाला आहे आणि बँक १०१.८० सांगते, तर तुमची फी १.८ टक्के झाली. त्याशिवाय कार्ड काढायची फी, परत पैसे भरायची फी, एटीएमची फी, कार्ड बरेच महिने वापरलं नाही तर त्याची फी, या बँकेगणिक वेगळ्या असतात. शिवाय परकीय चलन घेताना सरकारचा जीएसटी लागतो पण तो अगदीच किरकोळ, अडीच लाखांवर ३१५ रुपये, त्याची काळजी सोडा.

तुमच्या केसमध्ये खरी गंमत पुढे आहे. तुम्ही युरो भरणार आणि जाणार स्वित्झर्लंडला आणि प्रागला. स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक चालतो, प्रागमध्ये चेक कोरुना. युरो भरलेल्या कार्डातून फ्रँकमध्ये पैसे दिले की क्रॉस करन्सी चार्ज लागतो आणि तो अनेक कार्डांवर पुन्हा साडेतीन टक्क्यांच्या घरात. फ्रँक वेगळे भरता येतात, पण चेक कोरुना बहुतेक फॉरेक्स कार्डांवर भरताच येत नाही. आता बेरीज करा: अडीच लाखांवर १.८ टक्के म्हणजे ४,५००, त्यातले समजा एक लाख वीस हजार स्विस आणि प्रागमध्ये गेले तर त्यावर जीएसटीसकट ४.१३ टक्के म्हणजे ४,९५६, एकूण ९,४५६ रुपये. साध्या डेबिट कार्डाला १०,३२५ जात होते! एवढा खटाटोप करून हजार रुपयांचाही फरक नाही. तुम्ही फक्त स्टुटगार्टलाच राहणार असता तर ही बेरीज वेगळी आली असती, म्हणून मी म्हणते की कार्ड निवडायच्या आधी कुठल्या देशात किती खर्च आहे ते कागदावर मांडा. हे तुमच्यासारख्या सगळ्याच वाचकांना लागू आहे, सिंगापूर-मलेशिया एकत्र करणारे, लंडन-पॅरिस करणारे, ज्यांच्या ट्रिपमध्ये एकापेक्षा जास्त चलनं आहेत त्यांनी क्रॉस करन्सीची ओळ सगळ्यात आधी वाचावी. काही फॉरेक्स कार्डांवर क्रॉस करन्सी चार्ज माफ असतो हेही खरं, पण मग बऱ्याचदा ती फक्त डॉलरमध्ये भरावी लागतात, म्हणजे रुपयाचे डॉलर करताना रेटमधला फरक आलाच.

आणि रेट लॉक होतो म्हणजे काय? आज युरो १०० ला घेतला, मे मध्ये १०३ झाला तर तुम्ही खूश, ९८ झाला तर काका गप्प. मनाला स्वस्थता मिळते हा फायदा आहे, पण त्याला बचत म्हणू नका. शिवाय चार लाख कशासाठी? तुमचाच अंदाज अडीच लाखांचा आहे. जास्तीचे भरलेले परत रुपयांत घेताना बँक खरेदीचा रेट लावते, तो खालचा असतो, म्हणजे जाताना एकदा आणि येताना एकदा असं दोन्ही वेळेला कापलं जातं.

मग झिरो मार्कअप कार्ड. यात आयडीएफसी फर्स्ट बँकेचं वॉव, फेडरल बँकेसोबतचं स्कॅपिया, आरबीएलचं वर्ल्ड सफारी, नियो ग्लोबल अशी नावं तुमच्या भावाने सांगितली असतीलच. यातलं अमुकच घ्या असं मी सांगत नाही आणि त्याला कारण आहे, या अटी बँका बदलत असतात, कोणी वार्षिक फी वाढवतं, कोणी अमुक खर्चापर्यंतच सवलत ठेवतं, तेव्हा अर्ज करायच्या दिवशी बँकेच्या साईटवरचं मोस्ट इम्पॉर्टंट टर्म्स अँड कंडिशन्स हे कागद उघडा आणि त्यात चार गोष्टी शोधा: फॉरेन करन्सी मार्कअप, वार्षिक फी, कॅश काढायची फी, आणि परदेशातल्या दुकानाने रुपयांत बिल केलं तर लागणारा चार्ज. जाहिरातीत पहिली गोष्ट मोठ्या अक्षरात असते, बाकीच्या तीन शोधाव्या लागतात. वार्षिक फी तीन हजार असेल आणि तुम्ही परत दोन वर्षं कुठे जाणार नसाल तर ती फी बचतीतून वजा करा. तुम्ही निवृत्त आहात, पगाराची स्लिप नाही, म्हणून कार्ड मिळेल का ही शंका तुम्ही पत्रात लिहिली नाहीये पण ती असणार. एफडीवर मिळणारी कार्डं याच्यासाठीच असतात, वॉव त्याच प्रकारचं आहे. एफडीचं व्याज तुम्हाला चालूच राहतं आणि लिमिट एफडीच्या रकमेवरून ठरतं. लिमिट दीड लाख आणि खर्च अडीच लाख असं असेल तर घाबरू नका, मधेच तिकडून नेट बँकिंगने बिल भरलं की लिमिट मोकळं होतं.

फक्त एक, आणि हे मी अगदी कळकळीने सांगते. क्रेडिट कार्ड तुम्ही आजवर वापरलेलं नाही असं पत्रावरून वाटतंय. बिल पूर्ण भरायचं, मिनिमम ड्यू म्हणून लिहिलेली कमीत कमी रक्कम नाही, पूर्ण. सहा आठवड्यांत एक बिलाची तारीख तिकडे असतानाच येणार, म्हणून जायच्या आधीच खात्यातून पूर्ण रक्कम ऑटो डेबिट होईल असं लावून ठेवा आणि खात्यात तेवढे पैसे ठेवा. एक बिल चुकलं तर बऱ्याच कार्डांवर महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी व्याज लागतं, मार्कअप वाचवून मिळवलेलं सगळं तिथे जातं. आणि क्रेडिट कार्डाने एटीएममधून कॅश कधीही काढायची नाही, त्याला वेगळी फी आहे आणि बहुतेक कार्डांवर काढल्या दिवसापासून व्याज आहे, मार्कअप झिरो असला तरी. कॅशसाठी डेबिट कार्ड.

डेबिट कार्डाबद्दल आत्ताच तपासा, कारण तुमची पेन्शन ज्या खात्यात येते तिथलं कार्ड साधं रुपे असू शकतं आणि ते देशाबाहेर चालत नाही. रुपेचं इंटरनॅशनल कार्ड असतं, ते बाहेर डिस्कव्हर, डायनर्स, जेसीबी यांच्या नेटवर्कवर चालतं, पण युरोपातल्या छोट्या गावात त्याच्या भरवशावर राहू नका, व्हिसा किंवा मास्टरकार्ड मागून घ्या. शक्यतो दोन कार्डं दोन वेगळ्या बँकांची आणि दोन वेगळ्या नेटवर्कची ठेवा. आणि पेन्शनच्या मुख्य खात्याचं कार्ड नेऊच नका, दुसऱ्या छोट्या खात्यात पन्नास-साठ हजार टाकून त्याचं न्या. कार्ड आलं की ॲपमध्ये जाऊन इंटरनॅशनल वापर चालू करावा लागतो, २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवीन कार्डं फक्त भारतातल्या वापरासाठीच चालू असतात, एटीएम, दुकानातलं मशीन, ऑनलाइन आणि टॅप करून द्यायचं पेमेंट यांची बटणं वेगवेगळी असतात. अर्धे लोक तिकडे विमानतळावर उभं राहून ही बटणं शोधत असतात. पिनही इथेच सेट करा, क्रेडिट कार्डाचासुद्धा, जर्मनीत टॅप करून साधारण पन्नास युरोपर्यंत चालतं, त्यावर मशीन पिन मागतं, आणि तिकिटाच्या मशीनसमोर तर सही करायला माणूसच नसतो.

आता ज्या एका गोष्टीने सगळ्यात जास्त पैसे जातात ती, आणि ती कुठल्याच कार्डाच्या माहितीपत्रकात नसते. तुम्ही झुरिकमध्ये काहीतरी घेतलं, कार्ड लावलं, मशीनवर दोन पर्याय येतात: इतके फ्रँक किंवा इतके रुपये. आपल्याला रुपये बघून बरं वाटतं, किती जातायत ते लगेच कळतं, दुकानदारही कधीकधी मदत म्हणून रुपयांचं बटण दाबून देतो. तिथे रेट तुमच्या बँकेचा नसतो, त्या मशीनवाल्या कंपनीचा असतो आणि तो बऱ्याचदा तुमच्या महागड्या डेबिट कार्डापेक्षाही वाईट असतो. झिरो मार्कअपचं कार्ड असूनसुद्धा. त्यावर काही भारतीय बँका आणखी एक टक्का आणि जीएसटी लावतात, कारण दुकान परदेशातलं आणि बिल रुपयांत. म्हणून स्क्रीनवर रुपये दिसले की नाही म्हणायचं, नेहमी तिथलंच चलन, जर्मनीत युरो, स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक, प्रागमध्ये कोरुना. एटीएममध्ये हेच जरा वेगळ्या भाषेत विचारतात, "कन्व्हर्जन स्वीकारता का", तिथे नाही दाबलं की काहींना वाटतं व्यवहारच रद्द होईल, पण तसं होत नाही, पैसे येतात. पर्यटकांच्या जागी, प्रागच्या जुन्या चौकात वगैरे, एकटीच उभी केलेली एटीएम दिसतील, त्यापेक्षा खऱ्या बँकेच्या भिंतीतलं एटीएम शोधा, आणि फी दाखवली तर वाचूनच पुढे जा. हे मिस्टरांनाही सांगा, नाहीतर कार्ड निवडायला दोन महिने घालवायचे आणि पहिल्याच दुकानात रुपयांचं बटण दाबायचं असं व्हायचं.

हेच इथे बसूनही होतं बरं का. स्विस रेल्वेचा पास, प्रागचं हॉटेल, ट्रेनची तिकिटं तुम्ही पुण्यातूनच ऑनलाइन काढणार, तो खर्चही परदेशी चलनातलाच आहे आणि त्यावरही मार्कअप लागतो. म्हणून नवीन कार्ड येण्याआधी जुन्या कार्डाने बुकिंग उरकू नका, थोडं थांबा. आणि साईट किंमत रुपयांत दाखवत असेल तरी कंपनी बाहेरची असू शकते, तिथेही चलन बदलून युरो किंवा फ्रँक करा.

रोख. मिस्टरांच्या आग्रहात तथ्य आहे, जर्मनी अजूनही बऱ्यापैकी रोखीचा देश आहे, छोट्या बेकऱ्या, आठवडी बाजार, काही साधी हॉटेलं फक्त रोख घेतात किंवा जिरोकार्ड हे तिथल्या बँकांचं डेबिट कार्ड घेतात, आपलं व्हिसा चालत नाही. स्वच्छतागृहांना नाणी लागतात. पण सगळे अडीच लाख रोख न्यायचं काही कारण नाही, दोघांत तीनचारशे युरो पुरे, संपले तर डेबिट कार्ड आहेच. कॅम्पातल्या किंवा जंगली महाराज रोडवरच्या मनी चेंजरकडून घ्या, दोनतीन ठिकाणी फोनवर रेट विचारा, तिथे घासाघीस चालते. दहा, वीस आणि पन्नासच्या नोटा मागा. पाचशे युरोची नोट २०१९ नंतर छापून बाहेर आलेली नाही आणि शंभर-दोनशेची नोट बघून तिकडचा बेकरीवाला तोंड वाकडं करतो. ट्रिपला माणशी तीन हजार डॉलर एवढ्या किमतीच्याच नोटा नेता येतात, आणि चलन घ्यायला तुम्ही रोख रुपये पन्नास हजारांपर्यंतच देऊ शकता, त्यावर चेक किंवा ऑनलाइन. पावती जपून ठेवा. स्वित्झर्लंडसाठी फ्रँक नोटा इथून नेऊ नका, तिथे कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं. युरोच्या नोटा काही दुकानं घेतात पण सुट्टे फ्रँकमध्ये देतात आणि रेट त्यांचा. प्रागमध्ये रस्त्यावरच्या एक्स्चेंज काउंटरला जावंच लागलं आणि रेट फसवा निघाला तर तिथल्या कायद्याने हजार युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करून पैसे परत मागता येतात, पावती दाखवून. फार कमी लोकांना हे माहीत असतं. परत आल्यावर उरलेल्या नोटा दोन हजार डॉलरच्या किमतीपर्यंत घरी ठेवता येतात, पुढच्या वेळी उपयोगी पडतील.

टीसीएसची, म्हणजे बाहेर पाठवलेल्या पैशांवर आधीच कापून घेतल्या जाणाऱ्या कराची भीती टेकडीवरच्या ग्रुपमध्ये नक्की निघाली असेल, म्हणून एक वाक्य. एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात माणशी दहा लाखांपर्यंत बाहेर पाठवलेल्या किंवा खर्च केलेल्या पैशांवर टीसीएस नाही, तुमचा खर्च त्याच्या जवळपासही नाही, आणि परदेशात क्रेडिट कार्डाने केलेला खर्च तर सध्या त्या हिशोबात धरतच नाहीत. टूर कंपनीचं पॅकेज घेणाऱ्यांना मात्र वेगळा नियम आहे, त्यांनी कंपनीला विचारावं. कापला गेला तरी तो रिटर्न भरताना परत मिळतो. यूपीआय पॅरिसच्या आयफेल टॉवरला २०२४ पासून चालतं हे खरं, पण त्यावरून युरोपभर चालेल असं धरू नका.

आता जावई. त्याचा मुद्दा पैशांच्या बाजूने बरोबर आहे, त्याचं कार्ड युरोचंच आहे, जर्मनीत त्याला कुठलाच मार्कअप लागत नाही, तुम्ही कुठलंही कार्ड घेतलंत तरी त्यापेक्षा स्वस्त होऊ शकत नाही. पण तुम्हाला ते का नको हे मला कळतं. मुलीच्या घरी सहा आठवडे राहायचं आणि प्रत्येक कॉफीला जावयाकडे बघायचं, हे तुम्हाला जड जाईल आणि ते मोजायचं कुठलंच मशीन नाही. माझी सूचना, वाटणी करा. घरातलं वाणसामान, स्टुटगार्टची बस-ट्राम हे त्याला करू द्या, त्यालाही आनंद होईल, आणि स्वित्झर्लंड-प्राग पूर्ण तुमचं. एखाद्या रविवारी चौघांना बाहेर जेवायला घेऊन जा आणि बिल तुमच्या कार्डाने द्या, तेव्हा मार्कअपचा विचार अजिबात करू नका.

आणि शेवटचं, जे तुम्ही विचारलं नाहीत. "एक कार्ड पुरे, ते माझ्याकडे राहील." ताई, तुम्ही इतकी वर्षं नोकरी केलीत, पेन्शन तुमच्या नावावर येते, आणि पूर्ण पत्रात तुमच्या स्वतःच्या कार्डाबद्दल एक शब्द नाही. मिस्टर काळजीपोटीच म्हणत असतील, दोन कार्डं म्हणजे हरवायची दोन निमित्तं असं त्यांना वाटत असेल. पण तुम्ही विचार करा, प्रागच्या मेट्रोत त्यांचं पाकीट गेलं, किंवा गर्दीत दोघं वेगवेगळ्या ट्रामला चढलात, किंवा त्यांची तब्येत बिघडली आणि हॉस्पिटलच्या काउंटरवर तुम्ही एकट्या उभ्या आहात. त्या वेळी कमी फीचं कार्ड त्यांच्या खिशात असून तुम्हाला काय उपयोग? एखादं मशीन उगाचच एखादं कार्ड नाकारतं, हॉटेलवाले डिपॉझिट म्हणून काही रक्कम अडकवून ठेवतात आणि ती सुटायला दिवस लागतात, एका कार्डावर सगळा संसार असला की अशा वेळी हात बांधले जातात. म्हणून झिरो मार्कअपचं क्रेडिट कार्ड तुमच्या नावावर, तुमच्या एफडीवर काढा, डेबिट कार्ड मिस्टरांच्या नावाचं असू दे. ॲड-ऑन कार्ड, म्हणजे तुमच्याच खात्यावरचं दुसरं कार्ड, काढलंत तर तेही चालेल पण लिमिट दोघांत एकच असतं आणि मूळ खातं बंद पडलं की दोन्ही बंद, म्हणून वेगळ्या बँकेचं बरं. रोखही दोघांत निम्मी-निम्मी. दोघांना दोन्ही ॲप उघडता यायला हवीत, कार्ड ब्लॉक कसं करायचं ते एकदा इथे करून बघा आणि परत चालू करा.

बँकेचा कस्टमर केअर नंबर लिहून घेताना १८०० वाला घेऊ नका, तो बाहेरून सहसा लागत नाही, +९१ ने सुरू होणारा घ्या आणि तो कागदावर लिहून दोघांच्या बॅगेत ठेवा, मोबाईलच चोरीला गेला तर मोबाईलमधला नंबर कसा बघणार. तुमची काही चूक नसताना कोणी तिसऱ्यानेच कार्डावर व्यवहार केला आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलंत, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे तुमच्यावर जबाबदारी येत नाही. म्हणून एसएमएस येत राहायला हवेत, दोघांपैकी ज्या नंबरवर बँकेचे ओटीपी येतात त्यावर रोमिंग चालू करून जा, तिकडचं सिम दुसऱ्या स्लॉटमध्ये टाका. मुलीने सिम काढून ठेवा म्हटलं तरी हे काढू नका.

मे महिन्याला अजून वेळ आहे. या आठवड्यात एफडी आणि कार्डाचा अर्ज करा, कार्ड हातात यायला आणि ॲप चालू व्हायला दोनतीन आठवडे धरा. आलं की स्टुटगार्ट ते झुरिकचं ट्रेनचं तिकीट त्या कार्डाने तुम्ही स्वतः काढा, युरोतच, मिस्टरांना शेजारी बसवा पण माऊस त्यांच्या हातात देऊ नका. दोन दिवसांनी स्टेटमेंटमध्ये किती रुपये गेले ते बघा, व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या साईटवर त्या दिवसाचा रेट मिळतो त्याच्याशी ताडून बघा. फरक शून्याच्या जवळ असेल तर कार्ड बरोबर आहे, जास्त असेल तर बँकेला फोन करून विचारायला तुमच्याकडे अजून महिनाभर आहे.